कवळी, चष्मा आणि रणगाडे

बजेट आलं की दरवेळी तोच वाद. संरक्षणावर एवढा खर्च कशाला, त्यात किती दवाखाने झाले असते, आणि लगेच दुसरा म्हणतो देशच राहिला नाही तर दवाखाने कुठे बांधणार. मला दोघांचंही पटतं, अगदी मनापासून, पण या भांडणात एक गोष्ट राहूनच जाते आणि ती मला ब्रिटनचं १९५१ चं बजेट वाचताना लक्षात आली.

तिथे जुलै १९४८ मध्ये सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली, सगळ्यांना मोफत, आणि लोकांची झुंबड उडाली ती कवळ्या आणि चष्म्यांवर. माझ्या आजीला कवळी बसवली तेव्हा बोलताना तोंडावर पदर धरायची तिची सवय सुटायला महिना गेला होता, मग एक दिवस ती सगळ्यांसमोर खळखळून हसली, त्यामुळे ती झुंबड मला नीट कळते.

मग जून १९५० ला कोरियात युद्ध पेटलं. ब्रिटनने तीन वर्षांत शस्त्रांवर ४७० कोटी पौंड खर्च करायचं ठरवलं. आणि १९५१ च्या एप्रिलमध्ये अर्थमंत्री ह्यू गेटस्केल यांनी सांगितलं की कवळी आणि चष्म्याचा निम्मा खर्च आता लोकांनी द्यायचा. त्यातून त्या वर्षी वाचणार किती, तर साधारण १ कोटी ३० लाख पौंड. बाजूला ४७० कोटी, आणि हात कुठे घातला तर म्हाताऱ्यांच्या तोंडात!

ही आरोग्यसेवा ज्यांनी उभी केली ते अनायरिन बेव्हन मंत्रिमंडळातून बाहेर पडले, त्यांच्यासोबत हॅरॉल्ड विल्सनही, जे पुढे पंतप्रधान झाले. बेव्हन यांचा मुद्दा नुसता तत्त्वाचा नव्हता बरं का. ते म्हणत होते की एवढी शस्त्रं बनवायला कारखान्यांकडे मशीन नाहीत, कच्चा माल नाही, म्हणजे हा पैसा ठरल्या वेळेत खर्च होणारच नाही. आणि झालंही तसंच. त्याच वर्षी चर्चिल यांचं सरकार आलं आणि त्यांनाच सांगावं लागलं की हा कार्यक्रम तीन वर्षांत पुरा होत नाही. कवळीचे पैसे मात्र द्यावेच लागत राहिले, वर १९५२ मध्ये औषधाच्या चिठ्ठीलाही एक शिलिंग लागला.

मला राग येतो तो इथे. सैन्य नको असं मी अजिबात म्हणत नाही, सैनिकाचा पगार, त्याची पेन्शन, त्याच्या मागे राहिलेल्या बायकोला मिळणारे पैसे हे सगळं मिळायलाच हवं. पण मोठा आकडा सुरक्षेच्या नावाने आला की त्याला कुणी उलटून विचारत नाही, शस्त्रखरेदीचे करार पाच-दहा वर्षांचे असतात, ते मोडले तर दंड बसतो, म्हणून तो हिशोब हलत नाही, आणि मग कात्री लागते ती जिथे करार नसतो तिथे. विधवा पेन्शन कमीसुद्धा करावी लागत नाही, आकडा तेवढाच ठेवला की पुरे, बाकीचं काम महागाई करते.

म्हणून आता बजेट आलं की मी आधी सुधारित अंदाजाचा रकाना उघडते, सरत्या वर्षासाठी दोन्हीकडे किती ठरवले होते आणि त्यातले किती खर्च होतील असं आता सरकारच म्हणतंय ते बघते, आणि मगच नव्या आकड्यांकडे वळते.