दीड तासाचं तेल : आमची वाटचाल

आमच्या डास पळवणाऱ्या तेलाच्या बाटलीवर मागच्या बाजूला एक ओळ आहे : 'परिणाम साधारण दीड तास. घाम आल्यास किंवा हातपाय धुतल्यास लगेच पुन्हा लावावे.' ही ओळ छापायची की नाही यावरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली, तेवढी जमिनीच्या वाटणीवरूनही झाली नाहीत. आमची वाटचाल सांगायची म्हणजे या ओळीपर्यंत आम्ही कसे आलो तेच सांगायचं.

आम्ही सावंतवाडी तालुक्यातले, बांद्याच्या अलीकडचे. घरामागे पोफळी, बाजूला गोठा, पलीकडे ओहोळ. पोफळीची विरी, म्हणजे झावळीचा रुंद देठ, खाली पडली की होडीसारखी पसरते, तिच्यात पावसाचं ओंजळभर पाणी साठतं आणि आठवड्याभरात त्या पाण्यात वळवळ सुरू होते. करवंट्यांचंही तेच. त्यामुळे डास आम्हाला नवे नाहीत. सासूबाई लावणीला जाताना पिंढऱ्यांना करंजेल, म्हणजे करंजाच्या बियांचं तेल, चोळून जायच्या. निगडीचा (निर्गुंडीचा) पाला त्यात कढवायच्या, तोच गुरांनाही. वास असा की सांगायची सोय नाही.

2014 च्या गणपतीत मुंबईहून दीर, जावा, पुतणे मिळून सतरा माणसं घरात होती. रात्री पडवीत भजन सुरू झालं की टाळांपेक्षा लोक आपल्याच पायांवर मारत असलेल्या थापा जास्त ऐकू यायच्या. कॉइल लावली तर बुवांना ठसका. मी सासूबाईंच्या करंजेलात दुप्पट खोबरेल घातलं, वासासाठी परसातला गवती चहा कढवून घातला आणि वाटी फिरवली. सासूबाई म्हणाल्या, "ह्या काय केलंस गो? डास पळतले, पण पावणेय पळतले." पाहुणे पळाले नाहीत. उलट जाताना धाकट्या जावेने सॉसच्या रिकाम्या बाटलीत भरून नेलं, आणि दिवाळीच्या आधी फोन आला की सोसायटीतल्या आठजणींना हवंय, किती पैसे सांगू? पैशाचा विचारच केला नव्हता. साठ रुपये सांगितले. त्यात बाटली आणि कुरिअर धरायचं राहिलं. पहिल्या दोन वर्षांचा हिशेब याच जातीचा आहे, तो इथे उगाळत नाही.

चूक कळली ती वेगळीच. गवती चहाचा वास छान, पण अर्ध्या तासात संपतो. शेजारच्या गावात एकाने सिट्रोनेला लावला होता, त्याने बोट धरून दाखवलं : दोन्ही एकाच कुळातली गवतं, पण हे वेगळं. याच्या बुंध्याला लालसर झाक असते आणि याचा चहा करत नाहीत. बाजारात याची दोन तेलं मिळतात, सिलोन आणि जावा. जावा जातीत सिट्रोनेलाल आणि जिरॅनिऑल ही वासाची द्रव्यं जास्त, म्हणून आम्ही तीच घेतो. शंभर किलो ओलं गवत ऊर्ध्वपातनाच्या भट्टीत घातलं तर तेल निघतं किलोभर, कधी त्याहून कमी. हे आकडे पाहिले की स्वस्त सिट्रोनेलाचा संशय का घ्यायचा ते कळतं. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून आलेला पहिला डबा मी टिपकागदावर एक थेंब टाकून तपासला. शुद्ध सुगंधी तेल उडून जातं, मागे जवळजवळ काही ठेवत नाही. आमच्या कागदावर दुसऱ्या दिवशीही रुपयाएवढा तेलकट डाग होता. कुठलंतरी खायचं तेल मिसळलं होतं. अर्थात ज्याने उडून जाणारं काही मिसळलंय तो या परीक्षेत सुटतो, म्हणून आता प्रत्येक खेपेचा प्रयोगशाळेचा रिपोर्ट मागते. व्यापारी तोंड वाकडं करतात.

भाच्याची गोष्ट सांगताना अजून पोटात कालवतं. जास्त तेल म्हणजे जास्त परिणाम, असं मी धरून चालले होते. अंदाजाने ओतलेलं सिट्रोनेला नंतर मोजून पाहिलं तर शंभरात नऊ भरलं. शिवाय कापूर. नणंदेचा मुलगा तेव्हा दीड वर्षाचा, त्याच्या हातापायांना लावलं आणि रात्री दंडावर लाल चट्टे उठले, पोर रडून रडून निळं व्हायचं बाकी. कुडाळच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन शांतपणे झापलं : दोन वर्षांखालच्या मुलांना कापूर लावायचा नाही, पोटात गेला तर झटके येऊ शकतात, आणि या वयात बोट तोंडातच असतं. चट्टे दोन दिवसांत गेले. कापूर आमच्याकडून त्या दिवशी गेला तो गेलाच. लिंबाच्या सालीचं तेलही काढलं. ते लावून उन्हात गेलं तर कातडीवर काळे डाग पडू शकतात, आणि आमचं गिऱ्हाईक तर दिवसभर उन्हातच असतं. 'नैसर्गिक आहे, काय होतंय' हे वाक्य तेव्हापासून कोणी बोललं की मला भाच्याचा दंड दिसतो.

मग मोजायला लागलो. आमचे हे आणि धाकटे दीर संध्याकाळी गोठ्याच्या दारात स्टुलं टाकून बसायचे. एका हाताला तेल, दुसरा कोरा, मांडीवर मोबाइलचं घड्याळ. पहिला डास टेकला की वेळ लिहायची. कोऱ्या हातावर तो मिनिटाच्या आत यायचा. नुसत्या खोबरेलात सिट्रोनेला असेल तर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. निगडीत कढवलेलं करंजेल घातलं की सव्वा तास, वारा पडलेला असेल तर दीड. पावणेदोन तास एकदाच झाले, आणि त्या दिवशी दीर मध्येच उठून चहा पिऊन आले होते असा माझा संशय आहे. ही काही प्रयोगशाळा नव्हे. दोन माणसं, एक गोठा. पण यामुळे एवढं कळलं की आमचं तेल रात्रभर टिकत नाही. सिट्रोनेलाचा गुण त्याच्या उडण्यातच आहे. ते उडतं म्हणून डासाला वास जातो, आणि उडतं म्हणूनच संपतं. जड तेलं त्याला थोडं धरून ठेवतात, एवढंच.

कडुनिंबाबद्दल नेहमी विचारतात. आमच्या पावसात कडुनिंब फारसा येत नाही, तेल घाटावरून आणावं लागतं. दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रातल्या लोकांनी 1993 साली छापलं होतं की खोबरेलात दोन टक्के कडुनिंबाचं तेल मिसळून लावलं तर अॅनाफिलिस, म्हणजे मलेरियावाल्या, डासांपासून बारा तास संरक्षण मिळालं. वाचून आम्ही हरखलो. करून पाहिलं, आमच्याकडे तसं काही झालं नाही. आमच्या पोफळीत दिवसाढवळ्या चावतो तो पायांवर पांढरे पट्टे असलेला एडिस, डेंग्यूवाला. त्याची गोष्ट निराळी. लोक तेल लावतात तिन्हीसांजेला, आणि तो चावून मोकळा झालेला असतो सकाळी आणि दुपारनंतर.

बाटल्यांनीही रडवलं. पहिल्या शंभर बाटल्यांना घेतलेली स्वस्त पारदर्शक टोपणं महिन्याभरात धुरकटली आणि तडकली, सिट्रोनेला काही प्लास्टिकना खातं. तेव्हापासून तपकिरी काच. डिसेंबरात पुण्याच्या गिऱ्हाइकाचा फोन, तेल बाहेरच येत नाही. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली गोठतं हे कोकणातल्या बाईला कोणी सांगायला हवं होतं का! आता हिवाळ्यात थोडं तीळतेल घालतो. कोरफडीच्या पाण्याचा स्प्रे करून पाहिला, दहा दिवसांत बाटलीत बुरशीची पांढरी जाळी. पाणी आलं की टिकवण्यासाठी काहीतरी घालावं लागतं. स्पिरिटचा स्प्रे करायचा तर उत्पादन शुल्क खात्याची परवानगी. दोन्ही सोडून दिलं.

परवान्याचं मात्र सोडता आलं नाही. बचत गटाच्या स्टॉलवर तीन वर्षं विकलं. मग एका प्रदर्शनात एक गृहस्थ बाटली फिरवून फिरवून बघत होते, ते अन्न व औषध प्रशासनातून निवृत्त झालेले निघाले. म्हणाले, "ताई, 'डास दूर ठेवते' असं लिहिलंत की हे साधं अंगाला लावायचं तेल राहत नाही." आयुर्वेदिक औषध म्हणून परवाना लागतो, त्यातला प्रत्येक घटक मान्य ग्रंथांत दाखवावा लागतो, आणि कारखान्याची जागा नियमात बसावी लागते. आमचा मांगर, म्हणजे घराबाहेरची शेतीची खोपी, बसणार नव्हता. शेवटी घाटावरच्या एका फार्मसीत लोन लायसन्सवर माल बनवायला लागलो : कारखाना त्यांचा, परवाना आमच्या नावाचा, करंजेल आम्ही इथून कॅनमध्ये पाठवतो. यात चौदा महिने गेले आणि बायकोच्या नादात सगळी बचत गेली असं आमचे हे चारचौघांत सांगत सुटले.

त्याच सुमारास गोचिडींमुळे होणाऱ्या जीवघेण्या माकडतापाचं सावट आलं. 2016 साली दोडामार्गात आणि पुढच्या वर्षी आमच्या बांदा भागात. काजूच्या हंगामात माणसं पाचोळ्यात बसून बिया वेचतात आणि तिथेच गोचिडी अंगावर चढतात. माकडं मरून पडलेली दिसली की गावात कोणी मोठ्याने बोलायचं नाही. आरोग्य खात्याची माणसं अंगाला लावायला गोचिडींना दूर ठेवणारं डीएमपी तेल वाटत होती, पण त्याचा वास आणि चिकटपणा लोकांना नको असायचा. मग गावातली माणसं आमच्या दारात यायची : "वैनी, तुमचा तेल गोचडीक चालता काय गो?" हाताशी दोनशे बाटल्या भरलेल्या होत्या आणि फार्मसीचा पहिला हप्ता द्यायचा होता. मी नाही म्हणाले. गोचिडीवर आम्ही काहीच तपासलेलं नव्हतं, आणि चट्टे उठून दोन दिवसांत जाणारं हे दुखणं नव्हे. डीएमपीच लावा, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करा, कपडे उकळा, एवढं सांगून पाठवलं. एक काका रागावून म्हणाले, विकायचा नसेल तर दुकान कशाला मांडलंय? आमचे हेही त्या रात्री जेवताना बोलले नाहीत.

मागच्या बाजूची ओळ त्यानंतर आली. गोचिडीला नाही म्हणायचं तर डासाबद्दल तरी खरं किती? गोठ्यातली वही काढली आणि दीड तास लिहिला. खाली 'गोचिडींसाठी नाही' आणि 'दोन वर्षांखालील मुलांना लावू नये, मच्छरदाणी वापरावी' हेही. पुण्याच्या एका दुकानदाराने बहात्तर बाटल्या परत पाठवल्या. त्यांचं म्हणणं, शेजारच्या फळीवरच्या बाटल्यांवर आठ तास लिहिलंय, आणि तुम्ही 'शंभर टक्के केमिकल फ्री' सुद्धा लिहीत नाही. कसं लिहू? सिट्रोनेलाल हे रसायनच आहे, ते गवताने बनवलं म्हणून त्याचं नाव बदलत नाही. त्या वर्षी विक्री निम्म्यावर आली. हे म्हणायचे, ओळ काढ. मुलगी म्हणायची, अक्षर बारीक कर. मधला मार्ग म्हणून बारीक करून पाहिलं, मग चष्मा लावून बघितलं आणि मलाच लाज वाटली.

गिऱ्हाईक आलं ते भलतीकडून. दोडामार्गच्या बाजूला केरळहून आलेल्या लोकांच्या रबराच्या बागा आहेत. चीक काढणारे पहाटे अंधारात बॅटरी लावून निघतात, झाडामागून झाड. चिकाच्या रिकाम्या वाट्यांत पावसाचं पाणी साठतं, म्हणजे तिथे डासांचा कारखानाच. तिथल्या एका मुकादमाने बाटली मागून वाचून घेतली आणि विचारलं, दीड तासाने परत लावायची तर एवढी मोठी काचेची बाटली कमरेला कशी बांधू? खिशात मावेल अशी द्या. आम्ही वीस मिलीची चपटी पत्र्याची डबी काढली, तेलात मेण घालून मलमासारखं. मेण कमी पडलं तर मे महिन्यात एसटीच्या पार्सलमध्ये वितळून येतं. दोन खेपा तशा चिकट होऊन आल्यावर एक भाग मेणास चार भाग तेल हे प्रमाण बसलं. झाडाखाली कोयती टेकवायची, बोट फिरवायचं, पुढे चालायचं. आता आमच्या विक्रीत निम्म्याहून जास्त डब्याच आहेत, आणि त्या घेणाऱ्यांत ट्रेकिंगवाली मुलंही आली.

घरी करायचं असेल त्यांना मी कृती सांगते, लपवण्यासारखं त्यात काही नाही. खोबरेल 85 मिली, निगडीचा सावलीत सुकवलेला पाला मंद आचेवर कढवून गाळलेलं करंजेल 12 मिली, जावा सिट्रोनेला 3 मिली. मुलांसाठी, म्हणजे दोन वर्षांपुढच्या, सिट्रोनेला एकच मिली. थेंब मोजू नका, थेंब ज्याचा त्याचा वेगळा. औषधाच्या दुकानातली पाच मिलीची सिरिंज घ्या. पाला ओला नको, ओल राहिली की तेल खवट होतं. सिट्रोनेला घालायचं ते तेल हाताला कोमट लागेपर्यंत थांबून, गरम तेलात घातलंत तर अर्धं स्वयंपाकघरालाच लागेल. कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस वाट बघा. मुलांच्या तळहातांना लावू नका. आणि पंखा लावा, डास वाऱ्यापुढे फारसा उडू शकत नाही.

करंजेलाचा वास अजून पूर्ण गेलेला नाही. सासूबाई ऐंशीच्या पुढे आहेत, आमची डबी हातात घेऊन हुंगतात, "वास खंय गेलो?" म्हणतात आणि आपल्या जुन्या बाटलीतलं निखळ करंजेल पायाला चोळतात. वीस मिलीच्या डब्या भरून तयार आहेत पण लेबलं संपलीत. छापखान्यातून शुक्रवारी येणार आहेत, तोवर मागणी नोंदवली तरी पाठवता येणार नाही.