कपबशी चौथ्या पट्टीवर

नाशिकच्या सिडकोत उत्तमनगरला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दाखले, अर्ज, प्रतिज्ञापत्रं, जे येईल ते. दुसऱ्यांचे फॉर्म भरून पोट भरणारा माणूस मी, आणि 2017 च्या महापालिका निवडणुकीत स्वतःचाच अपक्ष उमेदवारी अर्ज पहिल्या झटक्याला चुकवला.

अर्ज आणि शपथपत्र आयोगाच्या संकेतस्थळावर भरायचं, त्याची प्रिंट काढायची, सही करून निवडणूक कार्यालयात नेऊन द्यायची. रात्री दुकान बंद करून मी सगळं भरलं. प्रिंट हिच्या हातात दिली. तिने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "अहो, तुम्ही महिला राखीवमधून उभे आहात." प्रभागातल्या अ, ब, क, ड या जागांपैकी 'ड' च्या जागी 'अ' निवडलं होतं. पुन्हा पहिल्यापासून सगळं.

कागदांची यादी लांब होती, पण त्याचा त्रास झाला नाही, आपला धंदाच तो. घरपट्टी-पाणीपट्टीची बाकी नसल्याचा दाखला, घरात शौचालय असल्याचा कागद, 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालेलं नाही असं लिहून देणं, मालमत्ता, कर्ज, गुन्हे. सूचक आणि अनुमोदक गल्लीतलेच. अनामत 5 हजार.

खरी अडचण पैशाची होती, तीही वेगळ्या प्रकारची. निवडणुकीसाठी बँकेत स्वतंत्र खातं काढावं लागतं आणि खर्च त्यातूनच करायचा असतो. नोटाबंदीला तेव्हा तीनच महिने झालेले. बचत खात्यातून आठवड्याला 24 हजारांच्या वर काढता येत नव्हतं. मंडपवाला, रिक्षावाला, पत्रकं छापणारा, सगळ्यांना रोख हवी. मी पत्रकं माझ्याच मशीनवर काढली. त्याचाही खर्च दाखवावा लागतो, हे नंतर कळलं.

अर्ज भरायला शेवटच्या दिवशी जाऊ नका, हा माझा एकमेव ठाम सल्ला. मी आदल्या दिवशी गेलो, अर्ध्या तासात मोकळा. 3 फेब्रुवारीला मात्र पक्षांच्या एबी फॉर्मची, म्हणजे अधिकृत उमेदवारीच्या पत्रांची, जी धांदल उडाली, ती मी दुसऱ्याची झेरॉक्स द्यायला गेलो तेव्हा गेटबाहेरूनच पाहिली. 4 तारखेला छाननी, 7 ला माघार. माघारीच्या दिवशी चार-पाच फोन आले. धमकी वगैरे काही नाही, सगळे गोडीत. "भाऊ, तुम्ही आपलेच आहात, मतं कशाला फोडता?" मी म्हणायचो, माझी मतं आहेतच किती?

8 तारखेला चिन्हं वाटली. मला शिट्टी हवी होती, फुंकत गल्लीत शिरता येतं. पण आणखी एकाला तीच हवी होती, चिठ्ठी टाकली आणि ती त्याला गेली. मला कपबशी. 19 ला संध्याकाळी प्रचार बंद. म्हणजे माझं चिन्ह लोकांना ओळखीचं करायला जेमतेम बारा दिवस. पक्षवाल्यांचं चिन्ह लोक लहानपणापासून भिंतीवर बघतात.

वॉर्ड म्हणजे आपली गल्ली आणि शेजारच्या दोन, असं माझ्या डोक्यात होतं. पण तेव्हा चार नगरसेवकांचे प्रभाग झाले होते. 122 जागा, 31 प्रभाग, त्यातले दोनच तिघांचे. 2011 च्या जनगणनेची 14 लाख 86 हजार लोकसंख्या धरली, तर एका प्रभागात सरासरी 48 हजार माणसं. पक्षाचे चौघे पॅनल करून प्रभाग वाटून घेतात. मी एकटा, एक स्कूटर आणि भाचा.

सिडकोत दुपारी दार ठोठावून उपयोग नाही. निम्मी वस्ती अंबड एमआयडीसीच्या पाळ्यांवर जगते. पहिली पाळीवाले दुपारी जेवून झोपलेले, रात्रपाळीवाले सकाळी. झोपलेल्या माणसाला उठवून मत मागितलं तर काय मिळणार? मी सकाळी सव्वासहाला कंपनीच्या बसच्या थांब्यावर उभा राहायचो. घरांत संध्याकाळी सातनंतर. चहाला नाही म्हणता येत नाही, दिवसाला वीस-बावीस कप झाले की रात्री झोप कुठली! कप वाटले तर आमिष ठरतं, म्हणून घरच्या सहाच्या सेटमधली एकच कपबशी पिशवीत घेऊन फिरायचो. "बशी फुटली तर सेट मोडेल" हे आमची ही रोज बजावायची.

तिसऱ्या दिवशी मला खरी गोम कळली. एकेका मतदाराला चार मतं द्यायची असतात: अ, ब, क, ड. पक्षवाले सोपं सांगतात, "चारही ठिकाणी आपलंच चिन्ह." लोकांच्या डोक्यात तेच बसलेलं. माझी कपबशी फक्त 'ड' मध्ये, मतदान यंत्रावरच्या फिकट निळ्या पट्टीवर, तीही खाली, कारण अपक्षांची नावं पक्षांच्या नावांनंतर येतात. माझ्या खाली फक्त 'नोटा', म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही'. मग मी दुकानातल्या रंगीत कार्डशीटचे चार तुकडे कापले, पांढरा, गुलाबी, पिवळा, निळा, आणि ओट्या-ओट्यावर मांडून दाखवायला लागलो: आधीची तीन बटणं तुमच्या मनाची, शेवटचं माझं. त्यात प्रत्येक घरी दहा मिनिटं जायची. रस्ता, गटार, पाणी, ज्यासाठी उभा राहिलो होतो, ते बोलायला वेळच उरेना.

21 ला मतदान झालं. बाहेरच्या पॅनलच्या टेबलांवर चार-चार पोरं, माझ्या टेबलावर भाचा आणि डबा.

23 ला मोजणी. एका पक्षाला 66 जागा, शहरभरात अपक्ष तीन निवडून आले. त्यात मी नव्हतो. चार आकडी मतंही झाली नाहीत, अनामत गेली. दोन केंद्रांवर नोटा माझ्या पुढे होता. तो आकडा मी दोनदा वाचला.

दुसऱ्या दिवशी मागच्या गल्लीतल्या आजी दुकानात आल्या, खान्देशातल्या, प्रचारात मला रोज आशीर्वाद द्यायच्या. म्हणाल्या, "भाऊ, तुनी कपबशी मी बठ्ठीकडे धुंडी. पहिल्या तीन पट्ट्यास्वर दिसनीच नई. मागला लोके वरडाले लागनात, मंग जे दिसनं ते दाबी दिधं."

मी त्यांच्या आधार कार्डाची झेरॉक्स काढून दिली.

हरलं तरी हिशेब चुकत नाही. निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा पूर्ण तपशील दिला नाही, तर तीन वर्षांपर्यंत निवडणूक लढवता येत नाही. चहा, पेट्रोल, कार्डशीट, माझ्याच मशीनवरच्या माझ्याच प्रती, सगळ्याची बिलं लावली. कपबशी घरचीच म्हणून लिहिली नाही. ती परत कपाटात गेली, सहाचा सेट शाबूत आहे.