भिंतीपलीकडचा वाफा

माझ्या कामाला धड नाव नाही. रंगारी म्हणावं तर मी रंग लावून देत नाही, गवंडी म्हणावं तर थापी धरता येते इतकंच. ज्यांना आपलं घर कमी पैशात आणि आपल्याच हातांनी पालटायचं असतं, त्यांच्याकडे मी एक दिवस जाते. आधी काय करायचं, नंतर काय आणि मुळीच काय करायचं नाही, एवढं सांगते आणि दिवसभर त्यांच्याबरोबर राबते. संध्याकाळी निघताना माझे कपडे त्यांच्याइतकेच मळलेले असतात.

बरेचसे दिवस एकासारखे एक जातात. कुणी लांबी वाळायच्या आत पॉलिश पेपर मारायला घेतलेला असतो, कुणी रोलर इतका बुडवलेला असतो की रंग कोपरापर्यंत ओघळतोय. हा दिवस लक्षात राहिला, कारण त्या दिवशी आम्ही रंगाचा डबा उघडलाच नाही.

फोन घरातल्या सुनेचा होता. सासूबाईंच्या खोलीतली एक भिंत सजवायची होती. वॉलपेपर आणून ठेवला होता, चार गुंडाळ्या, हिरवी पानं आणि मधून पांढरे पक्षी. "तीनदा रंगवली हो ती भिंत. रंग टिकतच नाही. म्हटलं, आता सरळ कागदच लावून टाकू."

तीनदा रंग उतरला म्हटल्यावर मी सावध झाले. त्यांना म्हटलं, येण्याआधी दोन दिवस एक काम करून ठेवा. ॲल्युमिनियम फॉइलचा हातभर तुकडा भिंतीला लावा आणि चारही कडा टेपनं घट्ट बंद करा. दोन दिवसांनी बघायचं. फॉइलच्या खोलीकडच्या अंगावर पाणी धरलं असेल तर ती खोलीतल्या हवेची वाफ, म्हणजे खिडक्या उघडा, हवा खेळती ठेवा. पाणी आतल्या अंगाला, भिंतीकडून धरलं असेल तर ते भिंतीतून येतंय.

मी पोचले तेव्हा आजी पलंगावर बसून त्या फॉइलवर पहारा देत होत्या. "मी कुणाला हात लावू दिला नाही," म्हणाल्या. टेप सोडवली. आतली बाजू घामेजली होती आणि थेंब टेपच्या कडेला गोळा झाले होते.

पाणी भिंतीतून येत होतं, एवढं नक्की झालं. पण कुठून? मी भिंत बोटाच्या पेरानं ठोकत गेले. वरचा गिलावा घट्ट वाजत होता. कमरेच्या खाली आवाज बदलला, रिकाम्या डब्यावर टिचकी मारावी तसा. रंगाला पापुद्रे सुटले होते आणि एक उचलला तर त्याच्या मागे पांढरं, कापसासारखं काहीतरी फुललेलं. लोणा. पाण्यात विरघळलेले क्षार भिंतीच्या तोंडाशी येतात, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. लोणा नुसता दिसायला वाईट असतो असं नाही. क्षारांचे खडे गिलाव्याच्या आत वाढतात आणि त्याला आतून फोडतात. वरून कितीही भारी रंग लावा, त्याच्या पायाखालचीच जमीन सरकत असते.

"दुसऱ्या वेळी आम्ही ऑइल पेंट लावला होता," सून म्हणाली. "पाणी धरत नाही म्हणून."

"आणि मग ओल वर चढली?"

ती चकित झाली. आधी गुडघ्यापर्यंत असलेली ओल त्यानंतर कमरेपर्यंत आली होती, आणि त्यांनी त्याचं खापर डब्यावर फोडलं होतं. डब्याचा काही दोष नव्हता. भिंतीतलं पाणी बाहेर पडायची वाट शोधतं. खाली ऑइल पेंटनं तोंड बंद केलं की ते वर सरकतं आणि जिथे वाट मिळेल तिथून उडतं. वॉलपेपर लावला असता तर ओल आणखी वर गेली असती, आणि पक्ष्यांच्या मागे बुरशी धरली असती ती वेगळीच.

आता इथे मी चुकले ते सांगायला हवं. शेजारी न्हाणीघर होतं. मी छातीठोकपणे म्हटलं, नळाची जोडणी गळत असणार. पाण्याचे सगळे नळ बंद करून मीटर बघितलं, अर्धा तास थांबलो, काटा तसूभर हलला नाही. शिवाय ओल न्हाणीघराच्या कोपऱ्यात कमी आणि भिंतीच्या मध्यावर जास्त होती, हे मी आल्या आल्या बघायला हवं होतं.

"भिंतीच्या पलीकडे काय आहे?" मी विचारलं.

"बाग!" दादांचा चेहरा उजळला. ते सुनेचे यजमान. आतापर्यंत दारात गप्प उभे होते. "चला ना, दाखवतो."

बाग खरंच देखणी होती. घराच्या त्याच भिंतीला लागून दादांनी जुन्या विटांचा वाफा बांधला होता. तीन मीटर लांब, दोन फूट रुंद, दीड फूट उंच. विटा पाडकामातून उचललेल्या, एकेक घासून साफ केलेली, ओळंबा लावून रचलेली. वाफ्यात गुलाब, शेवंती, कडेनं नेचे. मागची बाजू मात्र त्यांनी बांधलीच नव्हती. घराची भिंत होतीच की आयती! विटाही वाचल्या. माती थेट गिलाव्याला टेकलेली, आणि रोज संध्याकाळी झारीनं पाणी.

"कधी बांधला?"

"दोन वर्षं होतील."

सून माझ्याकडे बघायला लागली. भिंतीचा पहिला रंग पोपडे धरून पडला त्याला दीड वर्ष झालं होतं. तिच्या डोक्यात हिशेब जुळला, दादांच्या जुळला नाही. किंवा जुळला असेल आणि त्यांना नको असेल. "मातीचं काय एवढं?" ते म्हणाले. "जमिनीत माती असतेच. सगळी घरं मातीतच उभी असतात."

हा प्रश्न सोपा नाही आणि त्याचं उत्तर नुसतं सांगून पटत नाही. घर बांधताना जोत्याच्या, म्हणजे साधारण आतल्या फरशीच्या पातळीला भिंतीत ओल अडवणारा एक थर घालतात, गवंडी त्याला डीपीसी म्हणतात. जमिनीतली ओल विटांमधून वर चढते, पण त्या थराशी अडते. बाहेरची जमीन या थराच्या निदान 150 मिलिमीटर, म्हणजे सहा इंच खाली असायला हवी. माती त्याच्या वर चढवली की तो थर असून नसल्यासारखा. पाण्याला त्याला ओलांडून जायला आपणच जिना बांधून दिलेला असतो.

माझ्या पिशवीत नेहमी एक लेव्हलची नळी असते. पारदर्शक प्लास्टिकची, दहा मीटर लांब. याहून स्वस्त आणि याहून खरं बोलणारं अवजार मला ठाऊक नाही. नळीत पाणी भरायचं. दोन्ही टोकं उघडी ठेवली की नळी कशीही वळवा, दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीत उभं राहतं. दादांच्या मुलीनं, वय वर्षं दहा, त्यात निळी शाई टाकली म्हणजे दिसायला बरं. आतल्या भिंतीवर फरशीपासून बरोबर एक मीटरवर मी पेन्सिलीनं रेघ मारली आणि आतलं पाणी त्या रेघेला आणलं. नळी खिडकीतून बाहेर गेली. बाहेरचं टोक दादांनी वाफ्यापाशी धरलं. आता बाहेरच्या पाण्यापासून मातीपर्यंत मोजायचं. एक मीटरपेक्षा जितकं कमी भरेल, तितकी माती आतल्या फरशीच्या वर.

"ब्याण्णव!" दादा बाहेरून ओरडले. "म्हणजे आठच सेंटिमीटर वर! एवढ्यानं काय होतंय?"

मी बुचकळ्यात पडले. आठ सेंटिमीटरसुद्धा जास्तच, पण वाफा नुसत्या डोळ्यांना त्याहून उंच दिसत होता. दादा मात्र खुशीत आले. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "बाबा, नळीत इथे निळं नाहीये."

नेच्याच्या पानांआड, दादांच्या हाताखाली, नळीत वीतभर हवा अडकली होती. घाईत भरताना माझ्याकडूनच राहिली. हवेला पाण्यापुढे वजन नसल्यातच जमा, त्यामुळे त्या बाजूचं पाणी वीतभर उगीच वर उभं होतं. नळी झटकली, टिचक्या मारल्या, बुडबुडा डुगडुगत वर गेला आणि फुटला. बाहेरचं पाणी खाली आलं, आम्ही आतलं पुन्हा रेघेला आणलं.

यावेळी दादा ओरडले नाहीत. मुलीनंच टेप वाचली. "सत्तर."

माती फरशीच्या 30 सेंटिमीटर वर होती. वाफ्याची उंची 45, म्हणजे मूळ जमीन फरशीच्या बरोबर 15 सेंटिमीटर खाली. घर ज्यानं कुणी बांधलं, त्यानं सहा इंच सोडायचे ते मोजून सोडले होते.

दादा बराच वेळ नळी हातात धरून उभे राहिले. मग विटांवरून हात फिरवत म्हणाले, "हा मी एकट्यानं बांधलाय, ताई. माझ्या आयुष्यात मी बांधलेली पहिली गोष्ट."

अशा वेळी मला काय बोलावं ते सुचत नाही. लोकांच्या हाताला लागलेल्या पहिल्या यशावर बोट ठेवायचं म्हणजे कठीण. रंग चुकला तर माणूस हसून मान्य करतो, बांधकाम चुकलं की गप्प होतो. मी फक्त म्हटलं की वाफा चांगलाच बांधलाय, जागा तेवढी चुकली. पाडायचा नाही, हलवायचा. ते खरंही होतं. कोपरे गुण्यात, म्हणजे काटकोनात होते, मी तपासले.

मग मात्र दिवस मातीत गेला. घनमीटरभर ओल्या मातीचं वजन दीड टनाच्या वर भरतं. त्यांच्या वाफ्यात पाऊण घनमीटरहून थोडी जास्त होती, म्हणजे सव्वा टन तरी. पासष्ट घमेली मोजली मुलीनं. आधी रोपं मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट काढून ओल्या गोणपाटावर सावलीत ठेवली. विटा मातीच्याच हलक्या सांध्यात होत्या, एकही फुटली नाही. उघडी पडलेली भिंत काळपट हिरवी निघाली आणि तळाशी गांडुळं थेट गिलाव्याला चिकटलेली.

नवी जागा भिंतीपासून हातभर लांब ठरली. यावेळी चारही बाजू बांधल्या. मागच्या बाजूला विटा कमी पडल्या, तिथे मुलीनं कुठूनशी आणलेल्या पॅलेटच्या, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटीच्या फळ्या लावल्या. पॅलेट वापरण्याआधी त्यावरचा छाप मी नेहमी बघते. एचटी लिहिलं असेल तर लाकूड नुसतं तापवून घेतलेलं, ते चालतं. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते मी घरात किंवा बागेत घेऊ देत नाही. यावर एचटी होतं. भिंत आणि वाफा यांच्यामधल्या पट्टीत जमीन भिंतीपासून बाहेर उतरती केली आणि वर खडी पसरली, म्हणजे पाणी साचणार नाही आणि मातीचे शिंतोडे भिंतीवर उडणार नाहीत.

आत सून आणि मी ऑइल पेंट खरवडत होतो. आधी विचारून घेतलं, त्याच्या खाली आणखी जुना ऑइल पेंट आहे का. जुन्या थरांत शिसं असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांच्या घरात फार वाईट. असले थर कोरडे घासायचेच नाहीत. इथे खाली फक्त चुना होता. पोकळ वाजणारा गिलावा विटेपर्यंत काढला. लोणा कोरड्या ब्रशनं झाडून कागदावर गोळा केला आणि घराबाहेर टाकला. सूनबाई ओलं फडकं घेऊन पुढे सरसावल्या होत्या, त्यांना थांबवलं. पाण्यानं पुसलं की तेच क्षार विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात.

"आणि आता?" आजींनी विचारलं. खोलीची एक बाजू विटांनी उघडी पडलेली, खाली ढिगारा.

"आता काही नाही. वाळू द्यायची."

"किती दिवस?"

भिंत वाळायला जाडीच्या इंचाला साधारण महिना धरतात. ही नऊ इंची. आजींनी बोटांवर मोजलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी थट्टाच करतेय. कमी पैशातल्या कामात लोक वेळाचा हिशेब धरत नाहीत. पैसे वाचवायचे तर काही वेळा दिवस मोजावे लागतात, हे मी कुणाला फोनवर पटवू शकलेले नाही. इतके महिने उघड्या विटा बघायच्या नसतील तर मधल्या काळात चुन्याचा गिलावा आणि त्यावर चुन्याची सफेदी करा, असं सांगितलं. चुन्यातून भिंत श्वास घेते. सफेदी दुधाइतकी पातळ, तीन-चार हात, घाई नाही. चुना विरलेलाच आणा, कळीचा चुना घरी विरवायला जाऊ नका, तो पाण्यात उकळतो आणि डोळ्यात उडाला तर डोळा जातो.

निघताना दादा नव्या वाफ्यात गुलाब लावत होते. भिंतीकडे त्यांनी पाठ केली होती. मी आवाज दिला तर मान न वळवता म्हणाले, "ती नळी कुठे मिळते, ताई?"

चार महिन्यांनी सुनेचा निरोप आला. ओलीची रेघ वीतभर खाली उतरलीय. वॉलपेपरच्या दोन गुंडाळ्या कपाटाच्या खणांत लागल्या, दोन तशाच पडून आहेत. दादांनी शेजारच्या तीन घरांच्या पातळ्या मोजल्यात आणि एका घरी त्यावरून बोलाचाली झालीय. आजी दर रविवारी भिंतीला फॉइलचा नवा तुकडा चिकटवतात आणि मंगळवारी सोडवून सगळ्यांना दाखवतात. टेपबरोबर सफेदीचेही चौकोन निघून येतात. "त्याचं काय करू?" सुनेनं विचारलंय.