गुरुवारची गोळी

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस या सांध्यांच्या आजारासाठी आई गेली नऊ वर्षे मेथोट्रेक्सेट घेते, तेही आठवड्यातून एकदाच, गुरुवारी. गेल्या वर्षी पडून मनगटाचे हाड मोडल्यामुळे तिला शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात ठेवावे लागले आणि एका बुधवारी संध्याकाळी घरी सोडले. सोबत मिळालेल्या कागदावर औषधांचा तक्ता होता, त्यात नावापुढे सकाळ, दुपार, रात्र असे तीन रकाने होते आणि मेथोट्रेक्सेटच्या ओळीत १-०-० असे लिहिलेले होते. मी तो तक्ता वहीत जसाच्या तसा उतरवला आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या गोळ्या वाटीत काढून तिच्यापुढे ठेवू लागलो.

पहिला दिवस गुरुवारच होता, त्यामुळे तिला काही खटकले नाही. शुक्रवारी हात दुखत असल्याने तिने न पाहताच सगळ्या गोळ्या घेतल्या. शनिवारी मात्र ती वाटीत बघून म्हणाली, “अरे, ही पिवळी माझी गुरुवारची गोळी आहे. आज कशाला काढलीस?”

एक गोळी जादा गेली होती. तिच्या नेहमीच्या डॉक्टरांना तातडीने फोन केला, त्यांनी औषध थांबवायला सांगून रक्ताच्या पेशी, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या तपासण्या करून घेतल्या आणि काही दिवसांनी त्या पुन्हा करवल्या. सुदैवाने सर्व अहवाल ठीक आले. त्या दिवसांत रोज सकाळी तिला तोंड उघडायला लावून मी आत फोड आले आहेत का ते पाहत असे, कारण या औषधाचा अतिरेक झाल्याचे पहिले लक्षण पुष्कळदा तिथेच दिसते.

मेथोट्रेक्सेट हे मूळचे कर्करोगावरचे औषध. फॉलिक अ‍ॅसिडचा पेशींना होणारा उपयोग ते अडवते, त्यामुळे ज्या पेशी झपाट्याने विभागतात त्यांना सर्वांत आधी फटका बसतो. आठवड्यातून एकदा घेतलेली लहान मात्रा सांध्यांची सूज आटोक्यात ठेवते. तीच मात्रा रोज घेतली, तर अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होणे मंदावते, तोंडाचे आणि आतड्याचे अस्तर सोलवटते, जंतुसंसर्ग आवरत नाही आणि रुग्ण दगावूही शकतो. औषध मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्याने ज्यांची मूत्रपिंडे वयोमानाने थकली आहेत त्यांना धोका अधिक असतो. फोलिनिक अ‍ॅसिड हा उतारा आहे, पण चूक लक्षात आली तरच तो देता येतो, आणि ही चूक पहिले काही दिवस कसलीच जाणीव करून देत नाही.

अशा चुका जगभर होत आल्या आहेत. युरोपीय औषध संस्थेने २०१९ मध्ये या गोळ्यांच्या वेष्टनावर ठळक सूचना, रुग्णाजवळ ठेवायचे कार्ड आणि बाटलीऐवजी स्ट्रिप असे उपाय सुचवले. ब्रिटनच्या नियामक संस्थेने २०२० मध्ये त्याहून साधी गोष्ट सांगितली: रुग्णाशी बोलून वार ठरवावा आणि तो चिठ्ठीवर पूर्ण लिहावा. मला हा उपाय फार शहाणपणाचा वाटतो, कारण ‘आठवड्यातून एकदा’ हे शब्द घाईत वाचताना निसटतात, पण ‘गुरुवार’ असे लिहिलेली गोळी शुक्रवारी काढून ठेवताना हात अडखळतोच.

आमच्या कागदावर वार लिहायला जागाच नव्हती. त्या तक्त्याला दिवसाचे तीन भाग माहीत होते, आठवडा माहीत नव्हता. त्यामुळे आठवड्याचे औषधही त्याने मुकाट्याने रोजचे करून टाकले. तो भरणाऱ्या तरुण डॉक्टरवर सुरुवातीला मी मनातल्या मनात खूप चिडलो. पण रकाना त्याने आखला नव्हता, आणि नऊ वर्षे आईची गुरुवारची गोळी बघणारा मी तो तक्ता काहीही न विचारता उतरवून घेतला होता. (हे कबूल करायला मला काही आठवडे लागले.) डॉक्टर, परिचारिका, औषध देणारा फार्मासिस्ट आणि मी, अशा चार जणांच्या नजरेखालून ती ओळ गेली आणि प्रत्येकाने आधीच्याने पाहिले असेल असे गृहीत धरले.

रुग्णालयात जाऊन हे सांगितले, तेव्हा समोरच्या बाईंनी सौजन्याने ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “काही झालं नाही ना, मग बरंच झालं.” हेच वाक्य मला चुकीपेक्षाही अधिक बोचले. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिकांसाठी एक व्यवस्था आहे, ज्यात थोडक्यात टळलेल्या प्रसंगांचीही माहिती गोपनीयपणे कळवता येते आणि ती नासा ही संस्था सांभाळते. चौकशी आणि शिक्षा करणाऱ्या यंत्रणेपासून ती मुद्दाम वेगळी ठेवलेली आहे. टळलेला अपघात आणि झालेला अपघात यांची कारणे बहुधा एकच असतात, फक्त पहिल्यात ती सांगायला माणूस शिल्लक असतो. त्या रुग्णालयात आमचा प्रसंग कुठल्याच नोंदवहीत गेला नाही, म्हणून मी तो लेखी दिला आणि तक्त्यात ‘वार’ असा चौथा रकाना हवा असे सुचवले. उत्तर अजून आलेले नाही.

आईने मात्र तिच्यापुरती व्यवस्था बदलली आहे. बाकीची औषधे मीच काढून देतो. पिवळ्या गोळ्यांची स्ट्रिप तिने स्वतःच्या कपाटात ठेवली आहे, तिच्यावर जाड पेनाने ‘गुरुवार’ लिहिले आहे, आणि मला तिला हात लावू देत नाही.