मेटिऑर 1:6 – ए बाजूचे सहाही सिलिंडर जागेवर

मंडळी, काल रात्री पावणेबाराला उदबत्तीचा धूर माझ्या मेटिऑर इंजिनाच्या मॉडेलच्या ए बाजूच्या (व्ही आकारातल्या बारा सिलिंडरांच्या दोन रांगांपैकी एक) सहाही इनटेकमधून आत गेला आणि सहाही एक्झॉस्टमधून बाहेर आला. तीन आठवडे याच एका गोष्टीने डोकं खाल्लं होतं.

मर्लिन या रोल्स-रॉइसच्या विमान-इंजिनाच्या छपाईच्या फायलींवरून त्याचा रणगाड्यातला भाऊ मेटिऑर करण्यातलं दिसायला मोठं काम मागेच झालं होतं. सुपरचार्जर गेला, पुढचा रिडक्शन गिअर गेला, आणि विमानाचं ते लांबलचक इंजिन एकदम आटोपशीर झालं. उरली होती फिरण्याची दिशा. रोल्स-रॉइसच्या रोबोथॅमच्या टीमने इंग्लंडात बेल्परला, रणगाड्याच्या गिअरबॉक्सशी जुळावं म्हणून, क्रँक (पिस्टनना जोडलेला मुख्य दांडा) उलटा फिरवला होता. माझं मॉडेल मोटरवर चालतं, म्हणून मी मोटरच्या दोन वायरी अदलाबदल केल्या. क्रँक सुरेख फिरला, पण धूर एक्झॉस्टमधून आत आणि इनटेकमधून बाहेर! बरोबरच आहे, पिस्टन खाली येताना आता एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडा राहत होता.

मग कॅमचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांडीचा, बेव्हल गिअर पिनियनच्या दुसऱ्या बाजूला बसवला, म्हणजे क्रँक उलटा फिरला तरी कॅम पूर्वीसारखाच फिरणार. 1 आणि 6 नंबर लगेच सुधारले. मधले चार मात्र काहीच्या काही. दोन सिलिंडर इतके चोख चालताना पाहून मला वाटलं, मूळ हिशेब बरोबर आहे, गिअरच ढिले असतील. ऑनलाइन मागवलेल्या बेव्हलचं भोकही मधोमध नव्हतं, त्यामुळे संशय पक्का झाला. दोन शनिवार-रविवार रेझिनमध्ये नवे गिअर छापण्यात गेले. फरक शून्य.

शेवटी कागद घेतला. मर्लिनच्या एका बाजूच्या सिलिंडरांत स्फोट होण्याचा क्रम 1-4-2-6-3-5. क्रँक उलटा फिरवला की पिस्टन वर येतात 1-5-3-6-2-4. दोन्ही ओळींत 1 आणि 6 त्याच जागी आहेत! तिथेच मी फसलो होतो. कॅम पूर्वीच्याच दिशेने फिरवायचा, तर मधल्या चौघांचा क्रम बदलल्याशिवाय सुटका नाही.

अखंड छापलेला कॅम बाजूला ठेवला. प्रत्येक लोब (व्हॉल्व्ह ढकलणारा उंचवटा) आता सुटी रिंग आहे, आतलं भोक षटकोनी. बोहरी आळीत 5 मिमीची पितळी हेक्स दांडी मिळाली, अगदी सरळ आणि मापात. असल्या वस्तू हातात घेऊनच घ्याव्यात. एका स्फोटापासून दुसऱ्यापर्यंत कॅम 60 अंश फिरतो, म्हणजे हेक्सचा बरोब्बर एक पैलू. 2 आणि 5 च्या रिंगा दोन पैलू एकीकडे, 3 आणि 4 च्या दोन पैलू दुसरीकडे. रिंग नव्या पैलूवर बसताना जो हलका 'टक' होतो, तो ऐकून दिवसभराचा शीण गेला. रिंगा रेझिनच्याच करा, पीएलए प्लास्टिकचे लोब दोन तासांत झिजले.

1941 च्या एप्रिलमध्ये खरं मेटिऑर क्रुसेडर रणगाड्यात घालून इंग्लंडात आल्डरशॉटला पळवलं, तेव्हा वेग इतका होता की चाचणी घेणाऱ्यांना वेळ मोजणं जड गेलं. क्रुसेडरचं लिबर्टी इंजिन 340 अश्वशक्तीचं, हे सुपरचार्जर नसतानाही सुमारे 600 चं, तेही साध्या पेट्रोलवर. पुढे हेच सेंच्युरियन रणगाड्यात आलं. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयातल्या सेंच्युरियनमागे मी नेहमी जास्त वेळ उभा राहतो. 1965 च्या भारत-पाक युद्धात फिलोऱ्यात आपल्या पूना हॉर्स रेजिमेंटचे सेंच्युरियन याच इंजिनावर लढले.

बी बाजूसाठी वेगळा हिशेब करून नव्या रिंगा छापणार होतो, पण हे लिहितानाच लक्षात आलं की गरज नाही. बी चे पिस्टन आधी ए च्या 60 अंश मागे होते, आता 60 अंश पुढे आहेत. फरक क्रँकवर 120, कॅमवर 60. म्हणजे रिंगांची मांडणी ए सारखीच आणि अख्खी दांडी फक्त एक पैलू फिरवायची. कव्हरही आता ॲक्रिलिकचंच करतो, या रिंगा दिसल्या पाहिजेत. दांडीचा दुसरा तुकडा आज रात्रीच कापतोय.