तुरीची मुळी आडवी काऊन गेली
आज तूर कापलेल्या वावरात खड्डा खणून पाह्यला. वरची वीतभर माती भुसभुशीत, अन् खाली सब्बल मारली तं टणकन आवाज. मुळी तिथवर सरळ अन् मंग चक्क आडवी वळलेली, म्हणजे पाऊस झाला की पाणी त्या टणक थरावर साचते अन् पीक पिवळं काऊन पडते ते समजलं. दरसाल ओल्या मातीतच रोटावेटर, वरून ट्रॅक्टरचं वजन, काळी चिकण माती दबणारच न! बाबा म्हणतात जिप्सम टाक, पण ते चोपण म्हणजे सोडियम वाढलेल्या जमिनीसाठी, आपली तशी नाही, माती तपासलेली आहे. मे मधी भेगा पडल्या की सबसॉयलर (खालचा टणक थर फोडणारं ट्रॅक्टरचं अवजार) मारतो ४५ सेंमीपर्यंत, ओलीत मारला तं नुसती चीर पडते अन् बाजूची माती आणखी लिंपते. भाडं ऐकून घाम फुटला राजेहो, यंदा पाणी साचते तेवढाच पट्टा.