देवावर पैज लावावी का? पास्कालचं गणित कुठे अडतं

देव मानावा की नाही, या वादात कधी ना कधी हे वाक्य येतंच: "असलाच तर फायदा, नसला तर तुझं काय गेलं?" ते बिनतोड वाटतं, कारण त्यात देव आहे हे सिद्ध करण्याची गरजच उरत नाही. एका जुन्या संस्कृत सुभाषितातही हाच सूर आहे. परलोकाबद्दल शंका असली तरी शहाण्याने वाईट कर्म टाळावं. परलोक नसेल तर काही बिघडत नाही, असेल तर नास्तिक बुडाला. सुभाषित वाईट कर्म टाळा म्हणतं, म्हणजे ते वागण्याबद्दल बोलतं. मनातून विश्वास ठेवा असं ते सांगत नाही. हा फरक महत्त्वाचा आहे, त्याकडे पुढे येऊ.

या विचाराला गणिताची चौकट दिली ती फ्रेंच गणितज्ञ आणि विचारवंत ब्लेझ पास्कालने (१६२३–१६६२), आणि तो अधिकार त्याचा होताच. १६५४ मध्ये त्याने आणि फर्मा या गणितज्ञाने पत्रांतून एक जुना प्रश्न सोडवला होता. दोघं खेळतात, प्रत्येकाने ३२ नाणी लावली आहेत, जो आधी तीन डाव जिंकेल त्याला सगळी ६४. एकाचे दोन डाव झालेत, दुसऱ्याचा एक, आणि खेळ अर्धवट थांबवावा लागला. पैसे कसे वाटायचे? पास्काल म्हणतो, पुढचा डाव पहिल्याने जिंकला तर ६४ त्याची. हरला तर बरोबरी, म्हणजे ३२. तेव्हा ३२ त्याची ठरलेलीच आहेत. उरलेल्या ३२ वर दोघांचा हक्क निम्मा निम्मा. म्हणून पहिल्याला ४८, दुसऱ्याला १६. न घडलेल्या डावाची आज किती किंमत, हे काढायची ही रीत. पुढे तिलाच अपेक्षित मूल्य म्हणू लागले: मिळकत गुणिले ती मिळण्याची शक्यता.

हीच रीत त्याने देवाच्या प्रश्नाला लावली. ते टिपण खाडाखोडीने भरलेलं आणि अपुरं आहे, आणि त्याच्या मृत्यूनंतर १६७० मध्ये छापलं गेलं. त्यात तो देवाचं अस्तित्व सिद्ध करत नाही. उलट बुद्धीने हा प्रश्न सुटणार नाही, असंच तो म्हणतो. पास्कालवर टीका करणारे हे पुष्कळदा विसरतात. त्याचं म्हणणं एवढंच, की निवड टाळता येत नाही, तेव्हा हिशेब मांडा. देव असण्याची शक्यता 'श' माना, शून्याहून मोठी, कितीही बारीक. श्रद्धेने जगलात आणि देव असला तर मिळकत अनंत. नसला तर काही सुखं गेली, म्हणजे मोजता येईल एवढा तोटा. श्रद्धेविना जगलात तर कमाई आणि नुकसान दोन्ही मर्यादित. आता 'श' एक दशलक्षांश असला तरी त्याला अनंताने गुणा, उत्तर अनंतच. पारडं श्रद्धेकडेच झुकतं.

हा युक्तिवाद आकर्षक आहे तो 'श' किती हे सांगावं लागत नाही म्हणून, आणि माझ्या मते तो मोडतो तोही तिथेच.

समजा, कुणी म्हणालं, "मी आत्ता श्रद्धा ठेवत नाही. नाणं उडवतो, छापा आला तर ठेवीन." त्याचं अपेक्षित मूल्य काढा. श्रद्धा ठेवण्याची शक्यता अर्धी, आणि अनंताचं अर्धं अनंतच. म्हणजे नाणं उडवणं हे थेट श्रद्धेइतकंच फायद्याचं ठरलं. नाण्याऐवजी हजार चिठ्ठ्यांतून एक काढली तरी तेच. त्याहून पुढे, आज काहीच केलं नाही तरी एखाद दिवशी श्रद्धा बसण्याची काही तरी शक्यता उरतेच. म्हणजे काहीच न करण्याचं मूल्यही अनंत! ॲलन हायेक या तत्त्वज्ञाने २००३ मध्ये हा मुद्दा नेमका मांडला. सगळेच पर्याय सारखे ठरवणारा हिशेब कशाचीच शिफारस करत नाही.

दुसरी अडचण जुनी आणि सगळ्यांच्या परिचयाची: कुठला देव? दिदेरो या फ्रेंच विचारवंताने अठराव्या शतकातच म्हटलं होतं की एखादा इमामही हाच युक्तिवाद करील. दोन धर्म आपापल्या अनुयायांनाच अनंत सुख देतात असं धरा. एकाची शक्यता शंभरात एक, दुसऱ्याची हजारात एक. दोन्हीकडे गुणाकार अनंत. शिवाय प्रामाणिकपणे शंका घेणाऱ्याला बक्षीस आणि लाभासाठी श्रद्धा ठेवणाऱ्याला शिक्षा देणारा देवही शक्यतेच्या यादीतून काढता येत नाही. त्याचाही 'श' शून्य नाही, आणि पास्कालच्या नियमाने एवढं पुरेसं आहे.

यावर एक दुरुस्ती सुचवली जाते, आणि ती चांगली आहे. मिळकत सगळीकडे अनंत असेल तर जिथे ती मिळण्याची शक्यता जास्त, तिकडे जा. नाणं उडवणाऱ्याला अर्धीच शक्यता मिळते, थेट श्रद्धेला पुरी. शंभरात एकवाला धर्म हजारात एकवाल्यापेक्षा बरा. दोन्ही अडचणी एका फटक्यात दूर होतात. मात्र त्याची किंमत बघा. आता कुठल्या देवाची शक्यता किती, हे ठरवावंच लागतं. आणि ते ठरवायला पुरावे, ग्रंथ, अनुभव, प्रतिवाद हे सगळं चाळावं लागतं. पुराव्याला वळसा घालायला निघालेला युक्तिवाद पुन्हा पुराव्याच्या दारात येऊन उभा राहतो.

मग अनंत सोडून मोठा पण मर्यादित आकडा घेतला तर? श्रद्धेने जगण्याचा खर्च १०० गुण धरा. वेळ, त्याग, सोडलेली सुखं सगळं त्यात आलं, आणि तो देव असो नसो लागतोच. बक्षीस १० लाख गुण. शक्यता हजारात एक असेल तर अपेक्षित मिळकत १,०००, पैज फायद्याची. दहा हजारांत एक असेल तर १००, बरोबरी. लाखात एक असेल तर १०, तोटा. खर्च तोच, बक्षीस तेच, निकाल तीन. ठरवणारा फक्त 'श'.

बक्षीस वाढवत नेणं हा यावरचा उपाय नाही. तत्त्वज्ञ निक बोस्ट्रॉम यांनी २००९ मध्ये मांडलेलं उदाहरण पाहा. एक अनोळखी माणूस पाकीट मागतो आणि उद्या प्रचंड परतावा देण्याचं वचन देतो. तुम्ही नकार दिला की तो रक्कम वाढवतो. तुमचा अविश्वास कितीही मोठा असो, तो रक्कम त्याहून मोठी सांगू शकतो, कारण बोलायला त्याला काहीच पडत नाही. आश्वासन जितकं अफाट, तितका त्यावरचा विश्वास कमी व्हायला हवा. ही गोष्ट गुणाकारात धरली नाही तर कुणीही आपल्याला लुबाडील.

'काय गेलं?' हा प्रश्नही वाटतो तितका साधा नाही. हे एकच आयुष्य असेल तर ते सगळंच्या सगळं भांडवल आहे. पास्कालला हे ठाऊक होतं. त्याचं उत्तर असं, की श्रद्धाळू माणूस प्रामाणिक, नम्र, कृतज्ञ होतो, तेव्हा इथेही तो फायद्यातच राहतो. काहींच्या बाबतीत ते खरं असेल. पण मग तो फायदा इथलाच झाला, त्याला अनंताची गरज नाही. आणि तो श्रद्धेविना मिळतो का, हेही तपासायला हवं.

आता तो वागणं आणि विश्वास यांतला फरक. गणित पटलं म्हणून विश्वास बसत नाही. आत्ता बाहेर पाऊस पडतोय असं मानायला कितीही मोठं बक्षीस ठेवा, समोर कोरडं ऊन असताना ते मानता येत नाही. पास्कालचा सल्ला व्यवहारी होता: ज्यांना श्रद्धा लाभली त्यांच्यासारखं वागायला लागा, प्रार्थनेला जा, विधी करा, मन हळूहळू मागून येईल. सवयीने मन वळतं हे खरंच आहे. पण सवय खऱ्या गोष्टीकडे वळवते तशीच खोट्याकडेही वळवते. विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञ-तत्त्वज्ञाने १८७७ मध्ये जहाजमालकाचं उदाहरण दिलं. जहाज जुनं झालंय हे माहीत असूनही तो मनातली शंका दडपून, ते सुखरूप जाईल असं स्वतःला पटवतो. ते समजा सुखरूप पोचलं, तरी त्याला तसं मानायचा हक्क नव्हता.

विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने १८९६ मध्ये क्लिफर्डला उत्तर दिलं. निवड टाळता येत नसेल, मोठी असेल, दोन्ही पर्याय मनाला खरोखर शक्य वाटत असतील आणि पुराव्याने निकाल लागत नसेल, तर मनाच्या ओढीने ठरवणं अयोग्य नाही. मला जेम्सच्या या अटी पास्कालच्या गुणाकारापेक्षा कितीतरी जास्त मोलाच्या वाटतात. दोन्ही पर्याय शक्य वाटले पाहिजेत, या एका अटीनेच कागदावर रचलेले शेकडो देव बाजूला होतात. मात्र पुराव्याने निकाल लागत नाही, हे पुरावा पाहिल्याशिवाय म्हणता येत नाही.

म्हणून माझ्या मते पैजेच्या हिशेबाने समर्थन होतं ते शोधाचं. शक्यता लहान आणि पणाला लागलेलं मोठं असेल, तर वाचण्यात, विचारण्यात, काही काळ उपासना करून पाहण्यात वेळ घालवणं शहाणपणाचं आहे, कारण हा खर्च मर्यादित आहे आणि पाऊल मागे घेता येतं. असं करून पाहणाऱ्याने आधी कागदावर लिहून ठेवावं: आज मला शक्यता किती वाटते, कोणत्या कारणांनी, आणि काय दिसलं तर ती कमी करीन. काही महिन्यांनी आकडा वाढला असेल, तर यादीत नवं कारण कोणतं आलं ते शोधावं. नवं कारण एकही नसेल आणि आकडा तरी वाढला असेल, तर ती वाढ सवयीची आहे.